वाचक विचारतात : परदेशी झाडांची झडती

परदेशातून येणाऱ्या रोपांवर आणि झाडांवर नजर कोण ठेवते, आणि त्या राखणीचा प्रत्यक्षात उपयोग किती होतो, याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : काजू, पेरू, सीताफळ, चिकू, मिरची ही सगळी परदेशातूनच आली. पोर्तुगीजांकडे कोणी प्रमाणपत्र मागितले नव्हते आणि कोकणाचे त्यात भलेच झाले. मग आज चार रोपे आणायची म्हटली तर एवढी अडवणूक कशासाठी? (वेंगुर्ले)

उत्तर : काजूचे उदाहरण वरवर तुमच्या बाजूचे वाटते, पण नीट पाहिले तर ते उलट बाजूची साक्ष देते. शिडाच्या जहाजातून महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रवासात, खाऱ्या वाऱ्यात आणि मोजक्या गोड्या पाण्यावर जिवंत रोप टिकवणे फार अवघड होते. त्यामुळे जे आले त्यातले बरेचसे बी किंवा कंदाच्या रूपाने आले. कोरड्या बीला पाने नसतात, मुळांना चिकटलेली माती नसते, आणि म्हणून मूळ देशातले बहुतेक शत्रू मागेच राहतात. रबराची गोष्ट याहून बोलकी आहे. हेन्री विकहॅम यांनी १८७६ साली ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या. तेथे उगवलेली रोपे सिलोनला आणि पुढे मलायात गेली आणि आशियातले रबराचे मळे त्यांतून उभे राहिले. रबराची पाने झाडून टाकणारा दक्षिण अमेरिकेतला करपा मात्र त्या प्रवासात मागे राहिला. पुढे हेन्री फोर्ड यांनी ब्राझीलमध्येच, म्हणजे रबराच्या माहेरी, मळे लावले तेव्हा त्याच करप्याने त्यांचे दिवाळे काढले, आणि आशियातले मळे आजही त्या रोगापासून मुक्त आहेत. हे त्या काळच्या कोणाच्या दूरदृष्टीमुळे घडले नाही, योगायोगाने घडले. आज तोच योगायोग नियम करून जपावा लागतो.

जिवंत रोपाचे गणित निराळे आहे. १८३० च्या दशकात लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांनी काचेची बंद पेटी तयार केली आणि रोपे मातीसकट समुद्रापार जाऊ लागली. आता तर विमानाने ती दुसऱ्या दिवशी पोहोचतात. रोप जितके ताजे पोहोचते तितकीच त्याच्यावरची अंडी, बुरशी आणि मुळांतले सूत्रकृमीही (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) ताजे पोहोचतात. अमेरिकेत १८६० ते २००६ या काळात ज्या परकीय किडी व रोगांनी जंगलांचे मोठे नुकसान केले, त्यांपैकी सुमारे ७० टक्के जिवंत रोपांबरोबरच शिरले असावेत, असा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काढलेला आहे.

सगळेच संकट रोपाबरोबर येते असेही नाही. उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेने चाऱ्यासाठी आणि जळणासाठी प्रसार केलेल्या सुबाभळीवर १९८८ साली मध्य अमेरिकेतली एक रस शोषणारी कीड येऊन धडकली. तिने पॅसिफिकमधली बेटे आणि आग्नेय आशिया पार करत भारत गाठला होता, आणि इतक्या लहान, उडत्या किडीला बंदरावरचा निरीक्षक काय अडवणार? गाजरगवत अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर पसरले असे सर्वसाधारणपणे मानतात आणि १९५५ च्या सुमारास ते पुण्यात लोकांच्या नजरेत भरले. थोडक्यात, वाटा पुष्कळ आहेत. त्यांतली रोपांची वाट सर्वांत रुंद आहे आणि तिला फाटक बसवणे त्यातल्या त्यात शक्य आहे.

प्रश्न : माझ्या मित्राने बँकॉकहून येताना ड्युरियन व रामबुतान या फळझाडांची काही रोपे, मुळे स्वच्छ धुऊन, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सामानातून आणली. विमानतळावर कोणी अडवले नाही. माती नव्हती, पाने हिरवीगार आहेत. आता मी त्यांची कलमे बांधून विकावीत का? (दापोली तालुका, रोपवाटिकाचालक)

उत्तर : विकू नयेत, आणि कलमे तर मुळीच बांधू नयेत.

आधी कायद्याचे सांगतो. १९१४ च्या विनाशकारी कीटक व कीड अधिनियमाखाली काढलेला २००३ चा वनस्पती संगरोध (म्हणजे क्वारंटाइन) आदेश आजही लागू आहे. त्याप्रमाणे लावण्यासाठीचे रोप, कलम किंवा काडी परदेशातून आणायची तर आयातीचा परवाना आधी काढावा लागतो, ज्या देशातून रोप निघते तेथील सरकारी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र सोबत असावे लागते, आणि येथे आल्यावर तपासणी व विलगीकरण होते. हौशी माणसाची चार रोपे असोत की व्यापाऱ्याची चार हजार, कीटकाला त्यातला फरक कळत नाही, म्हणून नियमही तो करत नाही. विमानतळावर सीमाशुल्काच्या घोषणापत्रात बी, रोपे, फळे व फुले यांच्याविषयीची ओळ असते. हे घोषणापत्र सगळ्यांनाच भरावे लागे तेव्हा आपल्याकडचे बहुतेक प्रवासी तेथे न वाचताच ‘नाही’ वर खूण करत.

आता धुतलेल्या मुळांविषयी. गेल्या काही वर्षांत पेरूच्या बागांत जो नवा गाठी करणारा सूत्रकृमी पसरला, तो शेतकऱ्यांनी स्वतः, पैसे मोजून, चांगल्या जातीच्या रोपांच्या पिशव्यांतून घरी आणला. रोप घेताना पान तेजदार असते, शेंडा वाढता असतो. पिशवी फाडून मुळे पाहिली तरच जपमाळेच्या मण्यांसारख्या ओळीने आलेल्या गाठी दिसतात, आणि रोप कोवळे असेल तर त्याही दिसत नाहीत. सूत्रकृमीची मादी मुळाच्या आत बसलेली असते. पाण्याने धुतली जाते ती माती. हीच गोष्ट डाळिंबातल्या तेल्या या डागाच्या रोगाची. सोलापूर, सांगली, नाशिककडच्या जुन्या डाळिंबवाल्यांना विचारा. एका बागेतली गुटी दुसऱ्या तालुक्यात गेली आणि तिच्याबरोबर तेल्याही गेला. त्या गुटीच्या पानावर खरेदीच्या दिवशी एकही डाग नसेल. आपल्याच राज्यातले, आपल्या ओळखीचे रोग ओळखताना ही गत होते, मग ज्याचे नावही आपण ऐकलेले नाही तो थायलंडचा रोग वर्तमानपत्रातल्या गुंडाळीत कोण ओळखणार?

तुम्ही ही रोपे बाकीच्या रोपवाटिकेपासून दूर, सांडपाणी इतर वाफ्यांत जाणार नाही अशा जागी ठेवावीत, त्यांच्यासाठी वापरलेली कात्री दुसरीकडे वापरू नये, आणि मुंबईत शिवडी येथे असलेल्या प्रादेशिक वनस्पती संगरोध केंद्राला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाला स्वतःहून कळवावे. रोपे नष्ट करावी लागतील ही शक्यता मोठी आहे. तुमचे नाव त्या रोपांबरोबर शंभर गिऱ्हाइकांच्या बागेत जाण्यापेक्षा ते परवडेल.

प्रश्न : जप्त केलेली रोपे सरळ जाळून टाकतात, हे मनाला पटत नाही. औषध मारून ती एखाद्या कृषी महाविद्यालयाला देता येणार नाहीत का? (कोल्हापूर)

उत्तर : वॉशिंग्टनमध्ये याहून मोठ्या पेचात हाच प्रश्न उभा राहिला होता. टोकियो शहराने मैत्रीची भेट म्हणून पाठवलेली चेरीची २,००० झाडे जानेवारी १९१० मध्ये तेथे पोहोचली. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तज्ज्ञांनी ती तपासली तेव्हा खोडात किडे, मुळांत सूत्रकृमी आणि जोडीला रोग असे सगळेच सापडले. भेट परत करणे अपमानाचे, ठेवणे धोक्याचे. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या संमतीने २८ जानेवारी १९१० रोजी ती झाडे जाळण्यात आली. दोन्ही देशांच्या मुत्सद्द्यांनी पत्रे लिहून समजूत घातली आणि जपानने राग न धरता नव्या कलमांची तयारी सुरू केली. ती कलमे या वेळी काळजीपूर्वक, निवडक जागी वाढवली गेली. मार्च १९१२ मध्ये ३,०२० झाडे आली, तपासणीत निर्दोष ठरली आणि पोटोमॅक नदीकाठी लागली. दर वसंतात लोक गर्दी करतात ती चेरी ही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपला वनस्पती संगरोध कायदा मंजूर केला.

औषधाने भागले असते तर ती झाडे जाळावी लागली नसती. धुरीने उघड्यावरचा कीटक मरतो, पण खोडात खोलवर बसलेली अळी, मुळांतला सूत्रकृमी आणि रसवाहिन्यांतला विषाणू या तिघांना एकदम मारील आणि झाड मात्र जिवंत ठेवील असा उपाय हाती नसतो. महाविद्यालयाला द्यायचे म्हणाल, तर तेथेही झाडाला वारा लागतोच. वाचवण्याजोगे दुर्मीळ वाण असेल तर संशोधन संस्थांसाठी निराळी, बंदिस्त सोय आहे. संशोधनासाठी येणारे वाण दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फत तपासले जातात. बाजारातल्या रोपांसाठी एवढा खटाटोप कोणी करणार नाही आणि करूही नये.

प्रश्न : आमच्या गृहप्रकल्पाच्या प्रवेशद्वाराशी स्पेन किंवा इटलीमधली मोठी, जुनी ऑलिव्हची झाडे लावावीत असे मालकांचे म्हणणे आहे. ती आणता येतील का? (पुणे, उद्यानरचनाकार)

उत्तर : पहिल्यांदा पाहावे लागेल ते वर सांगितलेल्या २००३ च्या संगरोध आदेशाच्या परिशिष्टांत. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग आणि कोणत्या देशातून, या तिन्ही गोष्टी तेथे जुळवून लिहिलेल्या असतात. काही गोष्टी पूर्ण बंद, काही फक्त ठरावीक संस्थांना, काही अटींवर खुल्या. यादीत तुमची जोडी नसेल तर आधी त्या देशातल्या किडी-रोगांच्या धोक्याचा अभ्यास होतो आणि मगच परवान्याचा विचार होतो, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे’ हे कारण तेथे चालत नाही. झाडाबरोबर माती आणायला बंदी आहे. आता जुन्या ऑलिव्हच्या मुळांभोवतीचा गोळा डोळ्यांसमोर आणा. माती पूर्ण काढली तर झाड जगण्याची खात्री नाही, आणि ठेवली तर ते बंदरातून बाहेर पडणार नाही. यातूनही पार पडलात तर आगमनानंतरचे विलगीकरण असते. मान्य केलेल्या जागेत, आयातदाराच्या खर्चाने, झाडे ठरावीक काळ वेगळी वाढवायची आणि नेमलेल्या जाणकारांनी ती येऊन तपासायची. प्रवेशद्वार ही अशी जागा नव्हे.

ऑलिव्ह भारतात कायदेशीर वाटेने आलेला नाही असे नाही. इस्राएलहून आणलेल्या रोपांपासून राजस्थानात त्याची लागवड झालेली आहे. पण ती लहान रोपे होती, आणि लहान रोप तपासता येते. जुन्या झाडाच्या भेगाळ खोडात काय दडले आहे हे करवत लावल्याशिवाय कळत नाही.

इटलीचे नाव तुम्ही घेतलेच आहे म्हणून पुलिया प्रांताविषयी सविस्तर लिहितो. २०१३ साली तेथे गॅलिपोलीच्या आसपासच्या ऑलिव्हच्या बागा शेंड्याकडून करपत असल्याचे कारण सापडले : झायलेला फास्टिडिओसा नावाचा जिवाणू. तो झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतो, त्या बुजवतो, आणि भर पाण्यातही झाड तहानेने वाळते. एका झाडावरून दुसऱ्यावर त्याला नेतो तो गवतावर फेसाचे घरटे करणारा एक साधा कीटक. जिवाणूच्या जनुकीय तपासणीचा माग मध्य अमेरिकेकडे, कोस्टा रिकाकडे जातो, आणि शोभेसाठी आणलेल्या कॉफीच्या रोपातून तो आला असावा असे शास्त्रज्ञ मानतात. घरात, खिडकीशी ठेवायची कॉफी! त्या रोपावर लक्षणे दिसली नसणार, कारण हा जिवाणू कित्येक वनस्पतींत वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. पुलियात लाखो झाडे गेली. त्यांतली काही शेकडो वर्षांची होती. युरोपीय संघाने २०१५ मध्ये कोस्टा रिका व होंडुरासहून कॉफीची रोपे आणणे बंद केले, पण तोवर दक्षिण पुलियात या जिवाणूचा बंदोबस्त म्हणजे त्याला उत्तरेकडे सरकू न देणे, एवढाच उरला होता.

हे मी पुण्याच्या वाचकाला का सांगतो आहे? कारण याच जिवाणूचे निरनिराळे प्रकार कॅलिफोर्नियात द्राक्षवेली मारतात आणि ब्राझीलमध्ये आपल्या मोसंबीच्या कुळातल्या गोड संत्र्यांची फळे सुपारीएवढी कडक करून टाकतात. नाशिक तुमच्या प्रवेशद्वारापासून फार लांब नाही. मालकांना बकुळ सुचवून पाहा.

प्रश्न : आम्ही वीस वर्षे इंग्लंडमध्ये आहोत. घरामागचे ॲशचे मोठे झाड वाळत चालले आहे आणि हा रोग आयात रोपांतून आला असे शेजारी सांगतात. एवढ्या शिस्तीच्या देशात हे घडलेच कसे? (रेडिंगजवळ)

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. ज्या लाकडाच्या क्रिकेटच्या यष्ट्या करतात ते हे झाड. त्याच्या शेंड्यापासून मर आणणारी बुरशी मूळची पूर्व आशियातली. तेथल्या ॲशला तिचा फारसा त्रास होत नाही. १९९२ साली पोलंडमध्ये झाडे मरताना दिसली आणि पुढच्या वीस वर्षांत रोग पश्चिमेकडे सरकत गेला. ब्रिटनमध्ये तो २०१२ च्या आरंभी बकिंगहॅमशायरमधल्या एका रोपवाटिकेत, नेदरलँड्सहून आलेल्या रोपांवर प्रथम सापडला. आयातबंदी लागू झाली त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर. त्याच महिन्यात पूर्व इंग्लंडच्या जुन्या वनांतही रोग आढळला, आणि तेथे कोणी रोपे लावलेली नव्हती. समुद्रापलीकडून वाऱ्याने बीजाणू आले असणार. म्हणजे बंदी वेळेवर आली असती तरी रोग कायमचा थोपला असता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण रोपांनी त्याला देशभर शेकडो ठिकाणी एकाच वेळी नेऊन बसवले, हे वाऱ्याला जमले नसते.

खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. ॲश ब्रिटनमध्ये रानोमाळ, न लावता उगवते. तरीही रोपे बाहेरून येत होती, आणि काही वेळा तर बी ब्रिटनमधलेच, ते वाढवायला युरोपात पाठवायचे आणि रोपे परत आणायची, असा व्यवहार होता, कारण तेथे ती स्वस्तात वाढत. युरोपीय बाजारपेठेत रोपे ‘वनस्पती पासपोर्ट’ घेऊन फिरत. होय, शब्द तोच आहे. पण सीमेवर थांबून तपासणी होत नसे, आणि ॲशला त्या वेळी पासपोर्टचीही सक्ती नव्हती. त्यामुळे रोग सापडल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो साधा होता : गेल्या काही वर्षांत आलेली ॲशची रोपे आज नेमकी कोठे लागलेली आहेत? उत्तर शोधायला वह्या चाळाव्या लागल्या.

जानेवारी २०१३ पासून ब्रिटनने ॲश, ओक, चेस्टनट आणि प्लेन या झाडांच्या आयातीची पूर्वसूचना सक्तीची केली. किती झाडे, कोणत्या देशातून, कोठे उतरणार, हे आयातदाराने कळवायचे. त्यात ओक होता याचे कारण आधीचा अनुभव. २००६ साली पश्चिम लंडनमध्ये ओकची पाने फस्त करत रांगेने चालणाऱ्या अळ्या सापडल्या होत्या. आयात ओकच्या फांद्यांवर अंडी आली होती, आणि त्या अळ्यांच्या केसांनी माणसांच्या अंगाला खाज व पुरळ येते. माझ्या मते ही पूर्वसूचना दिसायला अगदी कारकुनी वाटली तरी बंदरावरच्या भिंगापेक्षा ती अधिक कामाची आहे. उतरण्याच्या दिवशी झाड निरोगी दिसेल. दोन वर्षांनी ते दुखणाईत झाले तर त्याच्याबरोबर आलेली भावंडे कोणत्या गावात आहेत हे माहीत असले पाहिजे. आपल्याकडे विलगीकरणाची अट ब्रिटनपेक्षा कडक आहे, पण रोप विलगीकरणातून सुटून रोपवाटिकेत आणि तेथून गिऱ्हाइकाच्या घरी गेले की त्याचा पत्ता हरवतो. रोपवाटिकांनी आयात मालाची विक्रीवही चोख ठेवावी, एवढे झाले तरी पुष्कळ.

तुमच्या झाडाविषयी : रस्त्यावर किंवा घरावर फांद्या पडण्याचा धोका असेल तर जाणकाराकडून ते तपासून घ्या. धोका नसेल तर लगेच तोडू नका. थोडी झाडे हा रोग सोसून उभी राहतात आणि पुढचे बी त्यांच्याकडूनच मिळायचे आहे. उन्हाळ्यात झाडाखाली गेल्या वर्षीच्या गळलेल्या पानांचे देठ उलटून पाहिलेत, तर त्यांवर टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठ्या, दुधी रंगाच्या छत्र्या दिसतील. बीजाणू तेथून उडतात.

प्रश्न : कंटेनरमधून येणाऱ्या लाकडी खोक्यांच्या फळ्या घेऊन आम्ही स्टुले व मांडण्या करतो. फळीवर गव्हाच्या ओंबीसारखे चित्र आणि अक्षरे डागलेली असतात. त्याचा अर्थ काय? (उरण)

उत्तर : तो आंतरराष्ट्रीय शिक्का आहे. ओंबीचे चित्र, शेजारी देशाची दोन अक्षरे, कारखान्याचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण असे त्यात असते. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. तुमच्या कामासाठी ‘एचटी’च्या फळ्या निवडाव्यात. हा नियम २००२ साली ठरला. त्याच वर्षी अमेरिकेत डेट्रॉइटजवळ हिरव्या, चकचकीत पाठीचा एक भुंगा सापडला, तो आशियातून बहुधा अशाच बांधणीच्या लाकडातून आलेला होता, आणि त्याने आजवर कोट्यवधी ॲश झाडे मारली आहेत. फळीवर शिक्का नसेल, साल तशीच असेल, आणि भोकातून ताजा, पिवळसर भुसा गळत असेल, तर ती फळी अंगणात रचून ठेवू नका. संगरोध केंद्राला कळवा.

प्रश्न : आपल्या हापूसला मात्र परदेशात अडवतात. हा दुजाभाव नव्हे काय? (देवगड)

उत्तर : नव्हे. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ व अळू अडवले, कारण मालात फळमाशी व इतर किडी वारंवार सापडत होत्या. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, ती आपण प्रक्रिया व तपासणी सुधारली म्हणून. द्राक्षवाले ज्याला नुसते ‘फायटो’ म्हणतात तो वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राचा कागद आपण दुसऱ्याला देतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवावा अशी आपली अपेक्षा असते. दुसऱ्याचा कागद आपण घेतो तेव्हा मालही उघडून पाहतो. तेही तेच करतात.

प्रश्न : आमच्या कुंपणाच्या पांगाऱ्याची पाने व देठ काही वर्षांपासून गाठाळून वेडेवाकडे होतात, आणि आता माडांच्या झावळ्यांखाली पांढरी पूड व वर काजळी धरली आहे. हेही परदेशातलेच का, आणि सांगायचे कोणाला? (सावंतवाडी)

उत्तर : दोन्ही परदेशातलेच. पांगाऱ्याच्या गाठी एका गांधीलमाशीच्या कुळातल्या, जेमतेम दीड मिलिमीटर लांबीच्या कीटकाच्या आहेत. तो मूळचा आफ्रिकेतला. २००४ साली शास्त्राला त्याची ओळख झाली आणि दोनेक वर्षांत तो दक्षिण भारतात होता. नेमका कोणत्या वाटेने आला हे ठरलेले नाही, मात्र एवढ्या वेगाने समुद्र ओलांडणाऱ्याला माणसाची मदत झाली असणार. गाठाळलेली फांदी छाटून जागीच जाळावी आणि त्या झाडाचे खुंट दुसऱ्याच्या कुंपणाला देऊ नयेत. मिरीवेल चढवण्यासाठी पांगाऱ्याचे खुंट गावोगाव देण्याघेण्याची आपली रीत या माशीला फार सोयीची पडली.

माडावर आहे ती मध्य अमेरिकेतली चक्राकार अंडी घालणारी पांढरी माशी. ती २०१६ साली पोल्लाची व पालघाट भागात दिसली आणि पुढे किनाऱ्याने वर सरकली. काजळी म्हणजे तिच्या चिकट स्रावावर वाढणारी बुरशी. ती पान खात नाही, फक्त त्याचे ऊन अडवते. येथे घाईने कीटकनाशक फवारू नये. एन्कार्सिया नावाचा बारीक परोपजीवी कीटक या माशीच्या पिलांत अंडी घालतो आणि आपल्या बागांत तो बहुतेक पोहोचलेला असतो. फवारणीत आधी तोच मरतो. झावळीच्या खालची पांढरी पूड बोटाने हलकेच बाजूला करून भिंगातून पाहा. पिलांच्या पाठीवर बारीक, गोल छिद्रे दिसली तर तो आपले काम करून बाहेर पडला आहे असे समजावे. छिद्रे दिसत नसतील तर पानाचा तुकडा बंद पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावा, आणि तोवर त्या बागेतली माडाची रोपे कोणाला देऊ नयेत.